हिरव्या सपाटीवरचा एकच विमानतळ

जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात, विमान जरा उंच नेलं की खाली काय दिसायचं? एक हिरवा चौकोन. त्याच्या शेजारी तोच हिरवा चौकोन. क्षितिजापर्यंत त्याच्याच रांगा. नकाशात शहर असेल तिथे करडा चौकोन, समुद्र असेल तिथे निळा, आणि दोघांच्या मध्ये कोनाकोनांचा किनारा. असं बराच वेळ उडत राहायचं आणि मग अचानक समोर एक विमानतळ यायचा. टर्मिनलच्या काचा, गेटचे आकडे, बॅगांच्या गाड्या, हँगरच्या छपरावर रंगवलेलं नाव. विमानं जिथे टेकतात नेमक्या तिथेच धावपट्टीवर टायरचे काळे पट्टे. कुंपणाबाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा. आणि ते कुंपण संपलं की पुन्हा हिरवी सपाटी.

अ‍ॅड-ऑनचा तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. अ‍ॅड-ऑन म्हणजे मूळ सिम्युलेटरला बाहेरून जोडायची विमानं नाहीतर विमानतळ. बाकीची अख्खी पृथ्वी सिम्युलेटर काढणाऱ्या कंपनीची, आणि तेवढा एक तुकडा कुणा एका माणसाचा. त्याने तोच विमानतळ का निवडला? तो तिथे नोकरीला असेल, लहानपणी त्या कुंपणाला नाक लावून उभा राहिला असेल, किंवा कधीच तिथे गेलेला नसेल आणि जायची फार इच्छा असेल. कारण काहीही असो, सपाटीवरचा तो एकच नीटस तुकडा बघून कळायचं की इथे कुणाचा तरी जीव गुंतलाय. जुन्या अ‍ॅड-ऑनबद्दल बोलताना लोक ग्राफिक्सच्या प्रगतीबद्दल बोलतात. मला मात्र त्यातलं हे असमान वाटपच आठवतं. कुठे काहीच नाही, आणि कुठे वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजासुद्धा हलतोय.

तसं पाहिलं तर अ‍ॅड-ऑन ही कल्पना सिम्युलेटरइतकीच जुनी. ब्रूस आर्टविक यांचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर त्यांच्या सबलॉजिक कंपनीने अ‍ॅपल टू संगणकासाठी काढला, त्यात रेघांनी आखलेल्या जमिनीखेरीज फारसं काही नव्हतं. १९८२ साली मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर तो आला तेव्हा त्यातलं जग म्हणजे शिकागो, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क-बॉस्टन असे चार तुकडे. उरलेली अमेरिका हवी असेल तर सबलॉजिकच्या सिनरी (म्हणजे खालची जमीन, शहरं, विमानतळ) डिस्क घ्यायच्या, एकेका फ्लॉपीवर देशाचा एकेक भाग. पुढे चौथ्या आवृत्तीसाठी विमान आणि सिनरी घरबसल्या तयार करण्याचं साधन निघालं, १९९०च्या सुमारास, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला फ्लाइट शॉप नावाचं तसंच साधन आलं. वापरणाऱ्यांपैकी काही जण बनवणारे झाले ते तिथपासून. ही वंशावळ मी थोडक्यात उरकतोय, कारण मला जिव्हाळा आहे तो त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांचा: एफएस ९८ ते एफएस २००४, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या त्या नावांच्या आवृत्त्या.

एफएस ९८मध्ये प्रत्येक विमानाला आपला फोल्डर असायचा. त्यात मॉडेल, पॅनल, साउंड आणि टेक्स्चर असे चार उपफोल्डर, विमान हवेत कसं वागेल ते ठरवणारी एअर फाइल, आणि या सगळ्यांची मोट बांधणारी ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, हे त्या सगळ्या चळवळीचं मर्म होतं असं माझं ठाम मत आहे. जे नोटपॅडमध्ये उघडतं त्यात माणूस हात घालतोच. विमानाच्या प्रत्येक रंगरूपाला त्या फाइलीत एक क्रमांक असायचा, शून्यापासून सुरू होणारा. मधला एखादा आकडा सुटला की त्याच्या पुढची सगळी विमानं यादीतून गायब. दोन विमानांचं शीर्षक सारखं पडलं तर सिम्युलेटर गोंधळायचा. फोल्डर, पाथ, एक्स्टेन्शन, मूळ फाइलची प्रत बाजूला काढून ठेवणं, या गोष्टी आमच्यातल्या पुष्कळांना कुणी वर्गात शिकवल्या नाहीत. विमान यादीत का दिसत नाही ते शोधता शोधता त्या आल्या.

फुकट मिळणाऱ्या विमानांना बहुधा स्वतःचं पॅनल, म्हणजे वैमानिकासमोरची उपकरणांची फळी, नसायचं. पॅनलच्या फोल्डरमध्ये एकाच ओळीची फाइल असायची आणि ती सांगायची की कंपनीच्या ७३७-४००चं पॅनल वापर. आवाजाचीही तीच गत. त्यामुळे बाहेरून बघावं तर चार इंजिनांचं एअरबस ए३४०, आत बसावं तर दोन इंजिनांचं ७३७, आणि कानात आवाज भलताच. उडण्याची तऱ्हा तर विचारूच नका. एअर फाइल शून्यातून लिहिणं भल्याभल्यांना जमायचं नाही, म्हणून कुणी लिअरजेट या छोट्या जेट विमानाची फाइल घेऊन वजन आणि पंखांची लांबी बदलायचे आणि जम्बो म्हणून सोडून द्यायचे. तो जम्बो धावपट्टीचा पाव भाग संपायच्या आत हवेत असायचा आणि वळायचा तर लढाऊ विमानासारखा. आम्ही तक्रार करायचो का? अजिबात नाही. बाहेरून बघितलं की पंखांखाली चार इंजिनं होती, तेवढं पुरे होतं.

फाइल उतरवून घेणं हा वेगळाच प्रकार. ५६के मोडेमवर सेकंदाला चार-पाच किलोबाइट, म्हणजे दहा एमबीची झिप फाइल अर्धा तास तरी खाणार, आणि शेवटच्या टप्प्यात लाइन तुटली की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून जे घ्यायचं ते आधी पारखून घ्यायचं. छोटंसं चित्र आणि दोन ओळींचं वर्णन यांच्यावरून ठरवायचं की हे अर्ध्या तासाच्या लायकीचं आहे की नाही. आता गिगाबाइटच्या हिशेबात विमानं येतात आणि एकदा उडवून विसरली जातात. तेव्हा चारशे केबीच्या रंगरूपावर महिनाभर प्रेम बसायचं.

त्या झिपमध्ये रीडमी, म्हणजे बनवणाऱ्याने लिहिलेली माहितीची फाइल, असायची, आणि मी ती विमान इन्स्टॉल करण्याआधी वाचायचो. विमान कसं बसवायचं हे सांगण्यासाठी दोन परिच्छेद पुरले असते, पण लिहिणारा तिथे थांबायचाच नाही. हे विमान का निवडलं, कुठल्या फोटोंवरून केलं, शेपटीचा निळा रंग तीन वेळा बदलूनही मनासारखा का झाला नाही, मागच्या चाकांची दारं उघडताना पंखात का शिरतात आणि ते दुरुस्त करायला आता त्राण का नाही. मग आभार: पॅनल देणाऱ्याचे, आवाज रेकॉर्ड करणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्यांचे, आणि इतके महिने तोंड न दाखवणाऱ्या नवऱ्याला सहन केल्याबद्दल बायकोचे. शेवटी अटी: फुकट वाटा, विकू नका, बदल करायचे तर विचारा. त्या अटी कडक शब्दांत असायच्या आणि त्याखाली ‘हॅपी लँडिंग्ज’ लिहिलेलं असायचं. कंपनीच्या चकचकीत मॅन्युअलमध्ये कधी कुणी कबूल केलं नाही की नोज व्हील थोडं तिरपं दिसतं. इथे ते पहिल्याच पानावर.

रिपेंट करणाऱ्यांची, म्हणजे दुसऱ्याच्या विमानाला नवं रंगरूप देणाऱ्यांची, जात मला सगळ्यांत जवळची, कारण मॉडेल घडवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, रंगवणं होतं. विमानाची कातडी म्हणजे एक चौकोनी चित्र, सुरुवातीला २५६ बाय २५६ पिक्सेलचं, आणि रंगही २५६च. एवढ्याशा जागेत बोइंगची अख्खी एक बाजू. एका खिडकीच्या वाट्याला एखाददुसरा पिक्सेल. कंपनीचं नाव लिहायचं तर अक्षरं ओळखू यावीत म्हणून एकेक ठिपका हाताने हलवायचा. काही मॉडेलना दोन्ही बाजूंसाठी एकच चित्र असे, त्यामुळे डावीकडे सरळ दिसणारं नाव उजवीकडे आरशात बघितल्यासारखं उलटं यायचं. अशा मॉडेलवर नाव टाकायचंच नाही, नुसते पट्टे ओढायचे, हा त्यावरचा शहाणपणा. पुढे चित्रं १०२४ पिक्सेलची झाली आणि हौसेला ऊत आला. दारांच्या कडा, खिळ्यांच्या रांगा, पोटाखाली गळलेल्या तेलाचे ओघळ. रात्रीसाठी निराळं चित्र करायचं, ज्यात खिडक्या पिवळट उजळलेल्या. एफएस २००४च्या टेक्स्चरमध्ये अल्फा चॅनेल नावाचा एक अदृश्य करडा थर असायचा: तो जितका गडद, तितका पत्रा चकचकीत. त्या थरावर जराशी धूळ पसरली की विमान लगेच वर्षभर सेवेत असल्यासारखं दिसायचं. पंखांच्या वर खिडक्या किती, कुठली खिडकी बुजवलेली, नोंदणीची अक्षरं शेपटीपासून किती अंतरावर, हे खऱ्या विमानाच्या फोटोवरून मोजून काढणारे लोक होते. ज्या विमान कंपन्या बुडाल्या त्यांच्या विमानांना तर जास्तच मागणी. पॅन अ‍ॅम १९९१मध्ये बंद पडली, पण तिचा निळा गोल सिम्युलेटरमध्ये जवळजवळ प्रत्येक शेपटीवर बसला, अगदी तिने कधी विकत न घेतलेल्या विमानांच्यासुद्धा.

एकट्याच्या हौसेतून हळूहळू गट उभे राहिले. प्रोजेक्ट ओपनस्कायने बोइंग विमानं फुकट दिली आणि त्यांचे पंख हवेत वाकायचे, चाकं जमिनीला टेकल्यावर दबायची. आयएफडीजीने एअरबस घेतली. एफएस २००२च्या प्रोफेशनल आवृत्तीसोबत जीमॅक्स हे त्रिमितीय मॉडेलचं साधन आलं तेव्हा कंपनीची आपली विमानं आणि हौशी लोकांची विमानं यांच्यातलं अंतर भराभर मिटलं. काही बाबतींत उलटंही झालं, म्हणजे फुकटचं विमान विकतच्या सिम्युलेटरमधल्यापेक्षा सरस.

पैसे देऊन घ्यायच्या अ‍ॅड-ऑनबद्दल माझ्या मनात जरा संमिश्र भाव आहे. २०००च्या सुमारास विल्को कंपनीचं ‘७६७ पायलट इन कमांड’ आलं आणि खेळाचे नियमच बदलले. तोवर पॅनलवरचा फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर म्हणजे बहुतेकदा एक चित्र होतं. इथे त्यात मार्ग भरायचा, वजनं भरायची, आणि विमान त्याप्रमाणे वागायचं. मग २००३मध्ये पीएमडीजी कंपनीचं ७३७ आलं. आता विमान ‘कोल्ड अँड डार्क’ स्थितीत, म्हणजे बॅटरीसुद्धा बंद, अशा अवस्थेतून सुरू करणं हाच मोठेपणा ठरला. खऱ्या विमानात इनर्शियल यंत्रणा आपली जागा आणि दिशा ठरवायला सात-दहा मिनिटं घेते. लोक पडद्यासमोर खरोखरच तेवढा वेळ थांबायचे, तो वेळ कमी करायची सोय असूनही. मीही थांबलोय. शेकडो पानांची मॅन्युअलं छापून, भोकं पाडून फाइलला लावलीत. त्यातून मिळालेलं ज्ञान खरं होतं, पण त्याच सुमारास एक प्रकारचा कर्मठपणा शिरला. कुणी नुसतं संध्याकाळी मजेत अर्धा तास उडतो म्हटलं तर त्याच्याकडे खालच्या नजरेने बघणारे निघाले. लिअरजेटसारखा वळणारा जम्बो त्या दिवसांत हद्दपार झाला आणि त्याच्याबरोबर थोडा मोकळेपणाही.

तिकडे जमीनही बदलत होती. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर स्पेस शटलने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीची उंची मोजली, साधारण ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यात. पुढे ती माहिती सर्वांसाठी खुली झाली आणि हौशी मंडळींनी तिच्यापासून ‘मेश’ बनवले, म्हणजे सिम्युलेटरच्या जमिनीखालचा उंचसखलपणाचा सांगाडा. आधी साधारण किलोमीटरभर अंतरावर एक उंची मोजलेली असायची, आता ९० मीटरवर. पसरट टेकाडांना एकदम कडे आणि दऱ्या फुटल्या. मात्र खोल दरीत रडारची सावली पडते, तिथे मोजमापच नव्हतं. अशा जागी मध्येच काळं भोक किंवा आकाशात घुसलेला सुळका दिसायचा, आणि काही लोकांनी जुने नकाशे पुढ्यात घेऊन ती भोकं एकेक करून बुजवली. या सुधारणेचा दुसरा परिणाम असा की आधी बनवलेल्या सिनरी खोट्या ठरल्या. विमानतळाच्या निर्मात्याने जुनी उंची धरलेली, जमीन आता नवी. त्यामुळे एखादी धावपट्टी उंच ओट्यावर, चारी बाजूंनी सरळ कडे, तर दुसरी खड्ड्यात. अशा खड्ड्यातल्या धावपट्टीवर उतरण्याचं कसब वेगळंच.

सिनरीचा सगळ्यांत हट्टी प्रकार मात्र बंद पडलेल्या विमानतळांचा. हाँगकाँगचा काई टाक ६ जुलै १९९८ला बंद झाला. धावपट्टी १३वर उतरायचं तर रेडिओ मार्गदर्शन तुम्हाला धावपट्टीकडे नेतच नसे. ते लाल-पांढऱ्या चौकटी रंगवलेल्या टेकडीकडे न्यायचं, आणि तिथून इमारतींच्या गच्च्यांवरून, नजरेच्या भरवशावर, उजवीकडे ४७ अंशांचं वळण. हे सिम्युलेटरमध्ये आणायचं तर टर्मिनल उभारून भागत नाही. टेकडी हवी, तिच्यावरच्या चौकटी हव्यात, वळणाखालच्या इमारती हव्यात, वळण घेताना दिसणारे धावपट्टीकडे नेणारे दिवे हवेत, आणि ती वाकडी रेडिओ यंत्रणा तिच्या वाकड्या दिशेसह हवी. हे सगळं लोकांनी केलं, आणि सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली की पुन्हा केलं. खरे वैमानिक जिथे आता उतरू शकत नाहीत तिथे काही हौशी रोज रात्री उतरत होते, बहुतेक वेळा धावपट्टीच्या मधोमध नव्हे.

आणि मेग्ज फील्ड. शिकागोच्या सरोवराकाठची ती साधारण ३९०० फुटांची एकुलती धावपट्टी, वर्षानुवर्षं सिम्युलेटर सुरू केला की विमान तिथेच उभं असायचं. ज्यांनी शिकागो पाहिलंही नाही अशा असंख्य लोकांना तिथल्या इमारतींची रांग पाठ होती. ३० मार्च २००३च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून बुलडोझर आले आणि पहाटेपर्यंत धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून झाल्या. विमानतळावर उभी असलेली विमानं तिथेच अडकली. एफएस २००४मध्ये मेग्ज शेवटचं होतं. २००६च्या एफएस एक्समध्ये ते नव्हतं, आणि अर्थातच लोकांनी ते बाहेरून आणून बसवलं. त्या काळच्या सिनरींमध्ये मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अथेन्सचा जुना एलिनिकॉन, ऑस्लोचा फोर्नेबू, डेन्व्हरचा स्टेपलटन, बर्लिनचा टेम्पलहॉफ. प्रत्यक्षात तिथे बागा, घरं, नाहीतर मोकळी मैदानं झाली. त्यांच्या टॅक्सीवेच्या वळणांची, गेटच्या आकड्यांची, रात्रीच्या दिव्यांच्या रंगांची नोंद कुणीतरी बिनपगारी ठेवली.

हे सगळं आज सांगताना गोड वाटतं, म्हणून हेही सांगायला हवं की ते चालायचं सेकंदाला आठ-दहा चित्रांच्या गतीने, आणि एवढ्या मेहनतीने सजवलेल्या विमानतळावर उतरताना शेवटच्या शंभर फुटांत पडदा गोठायचा. कधी सिम्युलेटर काही न बोलता बंद होऊन मागचा डेस्कटॉप दिसायला लागायचा. मग कालपासून बसवलेलं सगळं एकेक काढून बघायचं. त्या आठवणी कुणी प्रेमाने काढत नाही.

२०२०च्या सिम्युलेटरमध्ये उपग्रहाच्या फोटोंवरून आणि आकडेमोडीतून सगळी पृथ्वी झाकलेली आहे, ३७ हजार विमानतळांसकट. मी ते वापरतो आणि थक्क होतो. पण एखाद्या अनोळखी विमानतळावर उतरलो की टर्मिनल दिसतं ते यंत्राने सरासरी काढून उभं केलेलं. चुकीचं नसतं, कुणाचंही नसतं. तिथेही हाताने केलेले विमानतळ येतात, उत्तम येतात, फक्त आजूबाजूला सगळं भरलेलं असल्यामुळे ते पूर्वीसारखे उठून दिसत नाहीत.

सध्या जुन्या फाइलींवरून एक वाद चालू आहे. एफएस ९८ किंवा २००२साठी केलेली विमानं आणि सिनरी आजच्या सिम्युलेटरमध्ये रूपांतर करून आणता येतात, निदान काही अंशी. रीडमी मात्र सांगते: माझ्या परवानगीशिवाय बदल करू नका. परवानगी मागायची कुणाकडे? ईमेलचा पत्ता ज्या सेवेचा होता ती सेवाच राहिलेली नाही, आणि ज्याने निवृत्तीनंतर विमानं केली तो माणूस आज असेल की नाही कोण जाणे. २००९च्या मे महिन्यात अशा फाइलींचं संकेतस्थळ असलेल्या अ‍ॅव्हसिमच्या सर्व्हरवर हल्ला होऊन हजारो फाइलींचा साठा एका दिवसात नाहीसा झाला होता. त्यातलं बरंचसं नंतर परत मिळालं, तरी नुसतं जपून ठेवतो म्हणण्याचा भरवसा किती, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. एक बाजू म्हणते, शब्द म्हणजे शब्द, हात लावायचा नाही. दुसरी म्हणते, हात लावला नाही तर उरणार काहीच नाही. मी दुसऱ्या बाजूचा, पण एका अटीवर. मूळ रीडमी त्या झिपमध्ये जशीच्या तशी राहिली पाहिजे, बायकोच्या आभारांसकट आणि तिरप्या चाकाच्या कबुलीसकट. नव्या माणसाने आपलं नाव खाली लिहावं.